कमी खर्चात इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशनचं काम शिकायचं तर कोणता कोर्स घ्यावा?

तुम्ही दोन पर्याय दिलेत. एक सरकारी संस्थेतला दोन वर्षांचा, कमी फीचा, ‘पण तिथलं सामान जुनं आहे म्हणतात’. दुसरा खासगी संस्थेतला सहा महिन्यांचा, फी बरीच जास्त, ‘पण लॅब नवी आहे आणि नोकरीची हमी आहे’. दोन वर्षांचा घ्या. खरं तर उत्तर इथेच संपतं. पण तो सहा महिन्यांचा कोर्स मी स्वतः करून बसलोय, म्हणून पुढचं लिहितोय.

माझी फी मामाने भरली. स्वस्तातलं शिक्षण म्हणजे शेवटी स्वस्तातलंच, असं त्याने आईला पटवून दिलं होतं. लॅब खरोखर देखणी होती. पारदर्शक पत्र्यामागे अख्खा डीबी (सर्किटांना वीज वाटणारा बोर्ड), मोटर सुरू करायचा स्टार-डेल्टा स्टार्टर, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), सगळं आधीच वायरिंग करून ठेवलेलं. सर बटण दाबायचे, कॉन्टॅक्टर (विजेने चालणारा मोठा स्विच) खट्कन ओढला जायचा, आम्ही वहीत आकृती काढायचो. तीस पोरं आणि एक पॅनल. कंड्यूटमधून, म्हणजे वायरिंगच्या पाइपातून, मी स्वतःच्या हाताने वायर ओढली ती सहा महिन्यांत एकदाच, तीही हातभर सरळ तुकड्यातून. त्यात एकही बेंड नव्हता. वायर अडते ती बेंडमध्येच, ज्याने हे काम केलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

पहिल्या कामावर तिसऱ्याच दिवशी हेड इलेक्ट्रिशियनने सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरच्या लाइटिंग सर्किटला मेगर मार. मेगर म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, तो मी फक्त चित्रात पाहिला होता. २३० व्होल्टच्या सर्किटला ५०० व्होल्ट डीसीने तपासायचं आणि रीडिंग किमान १ मेगाओहम यायला हवं, हे आयईसी ६०३६४ या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकातलं कलम मला तोंडपाठ होतं. परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले होते त्याला. मी फेज आणि न्यूट्रलला क्लिपा लावल्या, बटण दाबलं, काटा शून्याशी. मी जाऊन सांगितलं, वायर शॉर्ट आहे. दोघं जण कामाला लागले. अख्खी लाइन कंड्यूटमधून बाहेर काढली, नवी ओढली. पुन्हा मेगर मारला, पुन्हा शून्य. तोवर अर्धा दिवस गेला होता. मग हेड आला आणि एवढंच विचारलं, “दिवे काढलेस का?”

दिवे काढले नव्हते. लोड जोडलेला असताना फेज-न्यूट्रलमध्ये रीडिंग खाली येणारच, वायरला काहीही झालेलं नव्हतं. वर ५०० व्होल्टने एलईडीचे ड्रायव्हर जळू शकतात ते वेगळंच. लोड सुटा करता येत नसेल तर फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थिंगशी तपासायचं, हे त्या दिवशी त्याने मला शिकवलं. तो तुमच्या त्या ‘जुन्या सामानाच्या’ संस्थेसारख्याच एका संस्थेत शिकलेला. त्यांच्याकडे मेगर एकच होता आणि तोही हँडल फिरवायचा, पण प्रत्येकाने स्वतः मारून रीडिंग रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय त्यांचे सर घरी सोडत नसत.

मामा आजही म्हणतो, कोर्स चांगला होता, तूच लक्ष दिलं नाहीस. मी लक्ष दिलं होतं. माझ्या वह्या अजून आहेत. पण त्याच वहीत असंही लिहिलंय की टेस्ट बटण दाबल्यावर आरसीसीबी पडला (ट्रिप झाला) म्हणजे अर्थिंग ठीक आहे. हे साफ चूक आहे. ते बटण आरसीसीबीच्या आतच फरकाचा करंट फिरवतं, अर्थिंगची तार तुटलेली असली तरी तो पडतो. आम्हाला हे शिकवणाऱ्या माणसाने साइटवर कधी काम केलेलंच नव्हतं. चूक वहीची असेल तर पोराने लक्ष देऊन काय होणार?

म्हणून प्रवेश घेण्याआधी प्रॅक्टिकलच्या दिवशी संस्थेत जा आणि लॅबपेक्षा भंगाराचा डबा बघा. वायरचे तुकडे, वाकडे गेलेले कंड्यूट, चुकीचे दाबलेले लग (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) ढिगाने पडलेले असतील आणि लाकडी बोर्ड स्क्रूच्या भोकांनी चाळणी झालेले असतील, तर तिथे पोरं काम करतात. डबा रिकामा असेल तर परत फिरा. शिकवणाऱ्याला विचारा, शेवटचं साइटवर कधी होतात. हा प्रश्न विचारताना लाजू नका.

दुसरं, परवाना. जिथे काम करणार तिथल्या परवाना देणाऱ्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा की हा कोर्स धरला जातो का. संस्थेच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. माझे सहा महिने शून्य धरले गेले आणि उमेदवारी (अप्रेंटिसशिप) पहिल्यापासून करावी लागली. म्हणजे मामाचे पैसे गेले ते गेलेच, वेळही दुप्पट गेला. उमेदवारीत निदान विद्यावेतन मिळतं. जर्मनीत या कामाचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं आहे, बराचसा वेळ कंपनीतच जातो आणि कंपनी त्याचे पैसे देते. सहा महिन्यांत इन्स्टॉलेशन शिकवतो म्हणणाऱ्याला मी तरी हा हिशेब विचारेन. कोर्सला उमेदवारी जोडलेली असेल तर फी थोडी जास्त असली तरी तो स्वस्त पडतो. फीच्या आकड्यात हत्यारं, बूट, परीक्षा शुल्क आणि सरावाचं सामान धरलंय का तेही बघा, बहुतेकदा धरलेलं नसतं.

आता न्यायाचं बोलायचं तर प्रत्येक कमी फीची संस्था चांगली असते असं नाही. काही ठिकाणी सामान जुनं आणि सरही गैरहजर, तिथे दोन वर्षं वाया जातील. आणि तुम्ही आधीच कुणाच्या हाताखाली काम करत असाल, फक्त मोटर कंट्रोल किंवा सोलर असं एखादं अंग हवं असेल, तर छोटा कोर्स उपयोगाचा आहे. तुम्ही तसं लिहिलं नाहीत म्हणून मी नवखे धरून चाललोय.

आणि पैसे भरण्याआधी डोळे तपासून घ्या, रंगांसाठी. आमच्या तुकडीतल्या एका पोराला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नव्हते. त्याचं त्यालाच माहीत नव्हतं, कळलं ते अर्धी फी भरल्यावर.