मोसंबीतला ‘स’ आणि संत्र्यातली शंका

एका वाचकाने विचारले आहे : ‘मोसंबी हा शब्द मोझांबिक या देशावरून आला असे म्हणतात. तसे असेल तर मराठीत “मोझंबी” न होता “मोसंबी” कसे झाले? हे फळ मूळचे आफ्रिकेतले समजायचे का? संत्रे हा शब्दही पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला, हे खरे आहे का? आणि शेवटी, एक मोसंबे म्हणावे की एक मोसंबी?’

पहिल्या प्रश्नातली शंकाच खरे तर व्युत्पत्तीचा सर्वांत चांगला पुरावा आहे. आपण आज ‘मोझांबिक’ म्हणतो ते इंग्रजी लेखनावरून, कारण इंग्रजीत त्या नावात ‘झ’चा उच्चार देणारे अक्षर आहे. पोर्तुगीजांच्या लेखनात मात्र तेथे खाली शेपटी जोडलेला ‘सी’ असतो आणि त्याचा उच्चार स्वच्छ ‘स’ होतो. त्यांच्या तोंडी ते नाव साधारण ‘मुसांबीक्’ असे येते. म्हणजे ज्यांनी हा शब्द मराठी कानांवर घातला ते इंग्रज नव्हते, हे त्या एका ‘स’वरून कळते. शब्द इंग्रजीतून आला असता तर त्यात ‘झ’ राहण्याचीच शक्यता अधिक होती. शेवटचा ‘क्’ मराठीत गळल्यावर उरलेले ‘मोसंबी’ हे रूप आपल्याला नागपुरी, सुरती, कोल्हापुरी अशा गाववाचक विशेषणांसारखे वाटले असावे. हा माझा तर्क आहे, पण ‘मोसंबी नारिंग’ यासारख्या जोडशब्दातून पुढे नुसते ‘मोसंबी’ उरणे मराठीच्या प्रकृतीला धरूनच आहे.

या शब्दाच्या पोटात आणखी एक शब्द आहे. मोझांबिक हे नाव आधी देशाचे नव्हते, किनाऱ्याजवळच्या एका लहान बेटाचे होते, आणि पोर्तुगीज तेथे पोहोचले तेव्हा सत्तेवर असलेल्या मुसा बिन बिक नावाच्या अरब सरदारावरून बेटाला ते मिळाले असे सांगितले जाते. लिस्बनहून गोव्याला येणारी जहाजे या बेटावर थांबत, अनुकूल वाऱ्याची वाट पाहत आणि पाणी व अन्न भरून घेत. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्याच अखत्यारीत होता. गोव्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्या मालाला ‘मोसंबी’ हे विशेषण लागणे त्या काळी अगदी स्वाभाविक होते.

फळ मात्र आफ्रिकेतले नाही. वनस्पतिशास्त्रात मोसंबीची गणना ‘सिट्रस सायनेन्सिस’ या गोड नारिंगाच्या जातीत होते आणि सायनेन्सिस म्हणजे ‘चिनी’. पपनस आणि संत्र्याच्या वर्गातले मँडरिन यांच्या संकरातून ही जात तयार झाली, हे आता जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. तिचे मूळ आशियाच्या पूर्वेकडच्या भागातच शोधावे लागते. मग मोझांबिक कशाला मध्ये आले? फळांची नावे अनेकदा जन्मगावावरून पडत नाहीत. माल ज्या बंदरातून शेवटी आला त्या बंदरावरून पडतात. याच गोड नारिंगाला डच भाषेत ‘सिनासआपल’, म्हणजे चीनचे सफरचंद, म्हणतात, आणि जर्मनमधला ‘आप्फेल्झीने’ हा शब्द त्याच अर्थाचा आहे. फारसीत त्याच फळाला ‘पोर्तेगाल’, अरबीत ‘बुर्तुकाल’, तुर्कीत ‘पोर्ताकाल’ आणि ग्रीकमध्ये ‘पोर्तोकाली’ म्हणतात. एकच फळ हॉलंडमध्ये चिनी ठरले, इराणमध्ये पोर्तुगीज आणि आपल्याकडे आफ्रिकी. तिन्ही ठिकाणी लोकांनी खोटे काही सांगितले नाही, आपल्याला ते कोणाकडून मिळाले एवढेच सांगितले.

त्या किनाऱ्याचे आणि नारिंगांचे नाते मात्र खरे आहे आणि तेही औषधाचे. जानेवारी १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजे आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावर एका नदीच्या मुखाशी महिनाभर थांबली असताना खलाशांचे हातपाय सुजले आणि हिरड्या दातांवर वाढू लागल्या. हा ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही होता, पण कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे आजच्या केनियातल्या मोंबासाच्या राजाने मेंढी, ऊस, लिंबे आणि नारिंगे पाठवल्याची नोंद प्रवासाच्या रोजनिशीत आहे. भारतातून परतताना अरबी समुद्र ओलांडायला सुमारे तीन महिने लागले, तीस माणसे याच रोगाने दगावली, आणि जानेवारी १४९९ मध्ये त्याच आफ्रिकी किनाऱ्यावरच्या मालिंदीला पोहोचताच आजाऱ्यांसाठी पहिली मागणी झाली ती नारिंगांची. जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने रोज दोन संत्रावर्गीय फळे आणि एक लिंबू देऊन रोगी बरे होतात हे प्रयोगाने दाखवले ते १७४७ मध्ये, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षांनी. आजही आपण आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत मोसंबीच नेतो.

संत्र्याकडे वळल्यावर मात्र मी सिंत्राच्या बाजूने उभा राहू शकत नाही. लिस्बनजवळ सिंत्रा हे गाव आहे आणि दोन शब्दांचा ध्वनी जुळतो, एवढ्या भांडवलावर ही गोष्ट लोकप्रिय झाली आहे. अडचण कालक्रमाची आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांचे वर्णन करताना ‘संगतरा’ या फळाचा नावानिशी उल्लेख केला आहे आणि तो भाग १५२६ ते १५३० या काळातला आहे. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. इतक्या थोड्या वर्षांत एका पोर्तुगीज गावाचे नाव उत्तरेत रुळून, त्यात ‘ग’ शिरून, फळाचे घरगुती नाव बनावे हे मला पटत नाही. उलट नेपाळीत या फळाला ‘सुन्तला’ म्हणतात आणि मेघालयातल्या खासी भाषेत ‘सोह नियामत्रा’ म्हणतात, ज्यात ‘सोह’ म्हणजे फळ. त्याच मेघालयात नोक्रेकच्या डोंगरात रानटी लिंबूवर्गीय झाडांचे राखीव क्षेत्र आहे. हे शब्द एकाच घराण्यातले आहेत असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण शोध घ्यायचा तर लिस्बनपेक्षा त्या डोंगराळ मुलखाची दिशा मला अधिक भरवशाची वाटते. स्थळनाम दिसले की त्यावर झडप घालण्याची सवय वाईट. पेरूचेही तसेच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाशी आपण तो जोडतो, पण अभ्यासक त्याचा संबंध पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नाशपती या शब्दाशी लावतात.

मग आपले जुने नाव कोणते? नारिंग. अमरकोशात ‘ऐरावतो नागरङ्गः’ असा उल्लेख आहे, आणि नारङ्ग हे त्याचे दुसरे संस्कृत रूप. मुळात हा शब्द द्राविडी असावा असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तमिळमधला ‘नारत्तै’ आणि मल्याळममधला ‘नारङ्ङ’ त्याच कुळातले आहेत, जरी केरळात आज ‘चेरुनारङ्ङ’ म्हणजे साधे लिंबू. येथून तो फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, स्पॅनिशमध्ये ‘नारान्खा’ होत गेला, इटालियनमध्ये आधीच्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दातल्या ‘न’मध्ये याचा ‘न’ मिसळून ‘आरांचा’ झाला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘ऑरेंज’ म्हणून स्थिरावला. इंग्रजांनी आपल्याच भाषेत ‘न’ गाळला ही गोष्ट ऐकायला गमतीची आहे, पण तो इंग्लंडला पोहोचण्यापूर्वीच गळला होता. इंग्रजीत या रंगाला फळाचेच नाव घ्यावे लागले. आपल्याकडे केशरी, शेंदरी आणि भगवा आधीपासून असल्यामुळे ‘नारिंगी’वर तेवढा भार पडला नाही.

फळे ओळखताना भाषेत आणखी एक गोंधळ होतो. इंग्रजी पाट्यांवर मोसंबीला ‘स्वीट लाइम’ लिहितात, पण ते नाव खरे तर साखरलिंबाचे आहे, आणि ते वेगळे झाड. संत्र्याची साल सैल असते, नखाने सुटते आणि फोडी हाताने वेगळ्या होतात; मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली असल्याने ती सुरीने कापावी किंवा पिळावी लागते. शंभर ग्रॅम गोड नारिंगात सुमारे ५३ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, संत्र्याच्या वर्गात त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि पेरूत मात्र दोनशेच्या वर. रस गाळून घेतला की चोथ्यातला तंतू बाहेर जातो, म्हणून दात असलेल्या माणसाने फोडीच खाव्यात हे माझे मत.

हिंदीत मोसंबीला ‘मौसमी’ म्हणतात ते ऐकून काही जण हे ऋतूचे फळ म्हणून मौसमी असे समजतात. अपरिचित शब्दाला परिचित अर्थ चिकटवण्याचा तो प्रकार आहे.

आता लिंगाचा प्रश्न. लिंबू, नारिंग आणि संत्रे ही नपुंसकलिंगी आहेत, त्यांच्याच पंक्तीत बसणारे एकवचन ‘मोसंबे’, अनेकवचन ‘मोसंबी’. पण बाजारात हे फळ एकेक घेत नाहीत, डझनाने घेतात, त्यामुळे कानावर सतत अनेकवचनच पडले आणि तेच स्त्रीलिंगी एकवचन मानले गेले : ‘ही मोसंबी गोड निघाली’. आज हे रूप इतके सार्वत्रिक आहे की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. तरी ‘मोसंबे’ लिहिणाऱ्याचे लेखन कोणी सुधारू नये, कारण ते आधीच बरोबर आहे. विदर्भात ‘संत्रा’ पुल्लिंगी आहे, ‘एक संत्रा खाल्ला’ असे तेथे सहज म्हणतात, आणि नागपूरची ओळख ‘संत्रानगरी’ अशी आहे. ज्या वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या बागांत आंबिया आणि मृग असे दोन बहार धरले जातात, तेथल्या लोकांना पुण्याने ‘संत्रे म्हणा’ असे सांगणे मला तरी धाडसाचे वाटते.