घरी ग्रिल नसताना झटपट कोरियन बुल्गोगी कशी करायची?

प्रश्न असा आहे: कोळशाची शेगडी नाही, ग्रिल नाही, तव्यावर अर्ध्या तासात बुल्गोगी, म्हणजे गोडसर सोया सॉसमध्ये मुरवून भाजलेले बीफचे पातळ काप, होईल का? माझ्या बीफला दर वेळी पाणी सुटतं आणि रस्सा होतो.

होईल की. मी सहा वर्षं कोरियात, सुवॉनला राहते आणि ऑफिसातून दमून आले की तव्यावरच करते. तवाही कोरियन नाही, घावनांसाठी पुण्याहून ओढत आणलेला बिडाचा आहे.

आधी तुमच्या रश्श्याचं. माझी पहिली बुल्गोगी अशीच झाली होती. अर्धा किलो मांस एकदम नॉनस्टिक पॅनमध्ये ओतलं आणि पाच मिनिटांत सगळं राखाडी होऊन पाण्यात तरंगायला लागलं. त्यात सोया सॉसची बाटलीही चुकली. मी उचललं होतं गुक-गांजांग. ते सूपमध्ये घालायचं, रंगाला फिकं आणि चवीला भलतंच खारट. इथे जिन-गांजांग लागतं, म्हणजे नेहमीचं गडद सोया सॉस. ऑफिसातल्या कोरियन मैत्रिणीला रडगाणं ऐकवलं तर ती म्हणाली, मग त्यात रताळ्याच्या शेवया टाकायच्या ना! खरंच, राजधानी सोलकडच्या पद्धतीत भांडंच मध्ये फुगीर आणि कडेला पन्हळ असलेलं असतं, रस मुद्दाम त्या पन्हळीत जमवतात. कोरडी, खरपूस बुल्गोगी खायची तर ग्वांगयांगची किंवा उल्सानजवळच्या ऑन्यांगची. तिथे ती जाळीवर, निखाऱ्यावर भाजतात. तुम्हाला हवी आहे ती ही.

मांस पातळ हवं, बाकी सगळं नंतर. इथे सुपरमार्केटात ‘बुल्गोगी-योंग’ म्हणून कापलेलंच मिळतं. तुमच्याकडे मिळत नसेल तर बिनहाडाचा मऊ तुकडा तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. अर्धवट गोठला की धारदार सुरीने धाग्यांना आडवे, दोन-तीन मिलिमीटरचे काप करा. धाग्यांच्या दिशेने कापलंत तर चघळतच बसाल.

अर्ध्या किलोला चार मोठे चमचे सोया सॉस, दोन चमचे साखर, पाच लसूण पाकळ्या ठेचून, अर्धं पेअर आणि पाव कांदा किसून, बरीचशी मिरपूड आणि चमचाभर तिळाचं तेल. आपल्याकडचं घाण्याचं तेल नको. कोरियन तेल भाजलेल्या तिळांचं असतं, वास त्याच भाजण्याचा. नसेलच तर तीळ खमंग भाजून कुटून घाला, माझ्या मते ते जास्त बरं. पेअरऐवजी सफरचंद चालतं. किवी किंवा अननस मात्र जपून. मटणाला आपण कच्ची पपई लावतो, तसंच ते काम करतं, पण पातळ कापांवर इतक्या जोरात की विसरलात तर लगदा. किवी एक छोटा चमचा, तोही वीस मिनिटंच.

रात्रभर मुरवायची गरज नाही. ग्वांगयांगला तर भाजायच्या तोंडावर मसाला लावतात. वीस मिनिटं पुरे, तेवढ्यात भात होतो.

आता पाण्याची गोष्ट. मांस चाळणीत निथळून घ्या. तवा धूर येईपर्यंत तापवा, खिडकी उघडा, थेंबभर तेल पुसा आणि एका वेळी मूठभरच काप पसरा, एकावर एक नाही. मग दीड मिनिट हात मागे! चर्र आवाज टिकला पाहिजे. रटरट ऐकू आली की समजा गर्दी झाली, अर्धं उचलून बाजूला काढा. कडा काळपट तपकिरी झाल्या की उलटा, आणखी अर्धं मिनिट, झालं. साखर जळते म्हणून प्रत्येक घाण्यानंतर तव्यावर थोडं पाणी टाकून उलथन्याने खरवडून घ्यायचं. चार घाणे होतात, वेळ दहा-बारा मिनिटं.

खाताना लेट्यूसच्या पानात थोडा भात, दोन काप, सामजांगचं (सोयाबीन आणि मिरचीच्या घट्ट चटणीचं) बोट आणि हवी तर कच्च्या लसणाची चकती. विड्यासारखं मिटून अख्खं तोंडात. अर्धं चावून ताटात ठेवलंत तर सगळं ओघळतं. क्केन्निपचं पान मिळालं तर सोडू नका. त्याला बाहेर बरेचदा तिळाचं पान म्हणतात, पण ते तिळाचं नसतंच, पेरिला नावाच्या वेगळ्या झाडाचं असतं.

तुम्ही कुठून विचारताय ते लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैलाचं मांसही बंद आहे, म्हशीचं मिळतं. ते जरा चिवट असतं, त्याला पेअर वाढवून तासभर मुरू द्या. डुकराचं चालत असेल तर द्वेजी-बुल्गोगी करा, त्यात सोया सॉस कमी करून गोचुजांग (आंबवलेल्या लाल मिरचीची पेस्ट) घालतात आणि ती झणझणीत होते.

चाळणीखाली निथळलेला मसाला फेकू नका. त्यात कच्च्या मांसाचा रस असतो, म्हणून शेवटी त्याच तव्यात खळखळून उकळू द्या आणि उरलेला भात त्यात परता. आमच्याकडे तळाच्या खरपुडीवरून भांडणं होतात.