‘साइट बंद आहे’ अशी ओळ दिसली आणि मुलाची झोप उडाली

नववीतला मुलगा. आठ दिवस रात्री दोन-अडीचपर्यंत जागा, जेवण अर्ध्यावर सोडायचा, दाराची बेल वाजली की आधी खिडकीतून खाली बघायचा. शाळेत मारामारी झाली असेल, असा आई-वडिलांचा अंदाज. शेवटी एका रात्री तो आईजवळ रडला आणि म्हणाला, “आई, पोलीस येणार आहेत.” (ओळख लागू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत.)

वडील मुलाला घेऊन आमच्याकडे समुपदेशनाला आले ते दोन प्रश्न घेऊन. “मॅडम, सरकारनं या पॉर्न साइट बंद केल्या आहेत ना? माझ्या फोनवर तर उघडत नाहीत. मग हा तिथं पोचला कसा? आणि आता खरंच काही केस होईल का?” हे दोन प्रश्न आता इतक्या घरांतून येतात की त्यांची उत्तरं नीट मांडायलाच हवीत.

मुलाशी एकट्याने बोलणं झालं तेव्हा घटनांचा क्रम कळला. वर्गातल्या मित्राने एका साइटचं नाव सांगितलं. मुलाने आईच्या फोनवर, मोबाइल डेटा चालू असताना ते टाकलं. दूरसंचार विभागाच्या सूचनेवरून ही साइट बंद केली आहे, अशा अर्थाची एक ओळ आली. तो दचकला. दुसऱ्या दिवशी घरच्या वायफायवर लॅपटॉपवरून तेच शोधलं, तर मिळत्याजुळत्या नावाची भलतीच साइट उघडली. तिच्यावर कुठेतरी बोट लागलं आणि पूर्ण पडदा व्यापणारं पान आलं : राजमुद्रा, कायद्याची कलमं, ‘तुमचा संगणक कुलूपबंद केला आहे’, उलटी मोजणी करणारं घड्याळ आणि कार्डाने दंड भरण्याचे रकाने. आदल्या दिवशीची खरी सूचना आणि हे बनावट पान त्याच्या मनात एकच झालं. काल सरकारने नाव लिहून घेतलं, आज दंड लावला, असा हिशोब त्याने मांडला. चौदा वर्षांच्या मुलाला तो पटला यात नवल नाही. मोठी माणसंही या पानांवर कार्डाचा नंबर टाकून बसतात.

म्हणून पहिलं काम उपदेशाचं नव्हतं, ही गाठ सोडवण्याचं होतं. खरी सूचना एक-दोन ओळींची असते. ती पैसे मागत नाही, कार्ड मागत नाही, वेळ मोजत नाही. कित्येकदा तीही येत नाही, नुसतं ‘पान उघडत नाही’ असं दिसतं. बनावट पानाच्या पत्त्यात शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसतं, आणि पूर्ण पडदा व्यापल्यामुळे तो पत्ता दिसतच नाही. पान तसं बनवण्यामागचा हेतूच तो. त्यातून बाहेर पडायला एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरायची. नाहीच हललं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का’ याला नकार द्यायचा. मग ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन कुठल्या अनोळखी साइटला नोटिफिकेशनची परवानगी गेली आहे ते बघून ती काढायची. या मुलाच्या लॅपटॉपवर अशा दोन परवानग्या निघाल्या. दर तासाला कोपऱ्यात उमटणारे ‘इशारे’ तिथूनच येत होते आणि त्याची भीती रोज ताजी ठेवत होते. कुणी पैसे भरलेच असतील तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करायचं आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. इथे तासातासाने फरक पडतो.

आता वडिलांचा पहिला प्रश्न. इंटरनेट कंपनी साइट बंद करते म्हणजे रस्ता बंद करत नाही, नावाची पाटी काढते. तुम्ही साइटचं नाव टाकलं की तुमचा फोन त्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या संगणकाला, विचारतो, ‘याचा आकडी पत्ता काय?’ बंदीच्या यादीतलं नाव असेल तर सर्व्हर खोटा पत्ता देतो किंवा गप्प बसतो. काही कंपन्या पुढची पायरीही वापरतात : मजकूर सांकेतिक रूपात जात असला तरी जोडणीच्या सुरुवातीला साइटचं नाव बहुधा उघडं जातं, ते वाचून जोडणी तोडतात. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, यादी लागू करण्याची तत्परता वेगळी. त्यामुळे वडिलांच्या सिमवर बंद असलेली साइट घरच्या फायबरवर उघडते. यात मुलाची काही खास हुशारी नव्हती.

यादीचा इतिहासही वडिलांना सांगावा लागला, कारण ‘सरकारनं केलंय’ या वाक्यावर त्यांनी घरची सगळी मदार ठेवली होती. ३१ जुलै २०१५ रोजी दूरसंचार विभागाने ८५७ साइट बंद करायला सांगितलं. त्यात विनोदी मजकुराच्या साइटही सापडल्या, गदारोळ झाला, आणि ४ ऑगस्टला आदेश सैल करून मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर नसलेल्या साइट कंपन्यांना खुल्या करू दिल्या. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बंदी पुन्हा लागू करायला सांगितलं. ८५७ पैकी ३० साइटवर अश्लील मजकूरच आढळला नाही, म्हणून उरलेल्या ८२७ बंद झाल्या. त्यानंतर काही दिवसांतच एका बड्या साइटने पत्त्याची शेवटची तीन अक्षरं बदलून नवं दार उघडलं. यादीला फक्त नावं कळतात, आणि नाव बदलायला फारसा खर्च येत नाही.

“मग ब्रिटनसारखं का करत नाहीत?” असं वडिलांनी विचारलं. तिथे २०१३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी नव्या ग्राहकांच्या घरी अशा साइट अडवणारी गाळणी (फिल्टर) आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. फरक असा की तिथे घरातला प्रौढ खातेदार ती बंद करू शकतो. आपल्याकडच्या बंदीला असं बटणच नाही. पण त्या गाळण्यांनीही लैंगिक शिक्षणाच्या आणि अत्याचारपीडितांना मदत करणाऱ्या साइट अडवल्याचं त्याच वर्षी उघड झालं. आम्हाला ही बाब सगळ्यात जास्त खटकते. ज्या मुलीला ‘माझ्यावर झालं ते काय होतं’ हे वाचायचं आहे, तिच्याच तोंडावर दार लागतं.

दुसरा प्रश्न कायद्याचा. मुलाला त्याचं उत्तर वडिलांच्या समोर दिलं, कारण दोघांनी एकच गोष्ट ऐकणं गरजेचं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७-अ ही कलमं अश्लील मजकूर प्रसिद्ध करणं आणि पाठवणं यासाठी आहेत. बंद साइटचं नाव टाकलं म्हणून कुणी घरी येत नाही. पण ६७-ब वेगळं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचा असा मजकूर शोधणं, बघणं, उतरवून घेणं हाही गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असा मजकूर बाळगण्याबाबतचा कायदा आणखी स्पष्ट केला. मुलाला ते त्याच्या भाषेत असं सांगितलं : “वर्गातल्या कुणाचा असा फोटो किंवा व्हिडिओ ग्रुपवर आला, तर पुढे पाठवायचा नाही, जपून ठेवायचा नाही, त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं.” तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मला वाटलं होतं बघितलं म्हणजे संपलंच.” त्या रात्री तो साडेअकराला झोपला.

घरातली व्यवस्था दुसऱ्या भेटीत ठरली, मुलाला शेजारी बसवून. गुपचूप नजर ठेवणारं ॲप नको, यावर आम्ही ठाम राहिलो. ते सापडलं की मूल बोलणं थांबवतं. राउटरच्या पानावर जाऊन डीएनएसच्या रकान्यात १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते भरायचे. हे क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचे कुटुंबांसाठीचे मोफत पत्ते आहेत, घातक आणि प्रौढ साइट दोन्ही गाळतात. चूक इथे होते : आयपीव्ही६चा (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा) रकाना तसाच राहतो आणि फोन त्या वाटेने जुन्याच सर्व्हरला विचारत राहतात. तोही भरावा लागतो. कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये हे रकाने बदलताच येत नाहीत. या घरीही तसंच निघालं. मग फोननिहाय करायचं : अँड्रॉइडच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ उघडून ‘फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम’ हे नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाकायचं. याचा फायदा म्हणजे ते मोबाइल डेटावरही चालतं. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये प्रौढ साइट मर्यादित करण्याची सोय आहे.

फुकटचं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटची वाट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत वळवणारं ॲप, हे सगळं ओलांडतं, आणि बंदी जितकी कडक तितकी मुलं तिकडे वळतात. त्यात फोनची सगळी वाहतूक एका अनोळखी कंपनीच्या हातून जाते. फोनच्या वरच्या पट्टीवर किल्लीचं चिन्ह दिसलं तर ओरडण्याआधी विचारा, “हे कशासाठी घेतलंस?” या मुलाच्या फोनवर ते होतं. त्याचं उत्तर : शाळेच्या वायफायवर गेम उघडत नाही म्हणून.

वडिलांना एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, कारण त्यांच्या तोंडून आधी ‘लाज नाही वाटत का’ हेच यायचं. ते वाक्य असं : “तिथं जे दाखवतात ते पैशासाठी रचलेलं असतं, तुला काही विचारायचं असेल तर मला विचार, माझ्याशी नको वाटलं तर डॉक्टरकाकांशी बोल.” मुलाने पहिला प्रश्न विचारला तो शरीराच्या मापाबद्दल. वडील अवघडले, पण उठून गेले नाहीत.

सगळी मुलं इतक्यावर सावरत नाहीत. झोप आणि भूक दोन आठवड्यांनीही परत आली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘मेलेलं बरं’ असं मूल बोललं तर त्याच दिवशी, त्याला एकटं न सोडता. १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, मुलांसाठी १०९८ आहे. कुणी फोटोवरून धमकावत असेल तर पैसे देऊ नका आणि रागाच्या भरात चॅट पुसू नका, तोच पुरावा असतो.

महिन्याभराने वडिलांचा फोन आला. विज्ञानाच्या प्रकल्पासाठी मुलगा गर्भनिरोधकांवरचं एक पान उघडत होता, ते गाळणीत अडकलं. या मोफत पत्त्यांवर एखादीच साइट खुली करता येत नाही. प्रायव्हेट डीएनएस तेवढ्यापुरतं ‘ऑटोमॅटिक’ करा, पान दोघांनी मिळून वाचा, मग पुन्हा तेच नाव टाका, असं सांगितलं. “दोघांनी?” त्यांनी विचारलं. मागून मुलाचा आवाज आला, “बाबा, चष्मा आणा तुमचा.”