पुण्याचा पॉइंट गार्ड आणि इंडियानातलं कॉलेज बास्केटबॉल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांची एल-१ व्हिसावर इंडियानापोलिसला बदली होतेय, जुलैत सगळे निघताय. मुलाची पुण्यात दहावी झालीय, १६ वर्षांखालच्या गटात तो महाराष्ट्राकडून खेळलाय, पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून संघाचा खेळ चालवणारा), उंची पाच फूट अकरा. इथल्या हायस्कूलमधून त्याला कॉलेजची बास्केटबॉल स्कॉलरशिप मिळेल का, त्यासाठी एक वर्ष खालच्या इयत्तेत घालावं का, आणि घर कुठे घ्यावं. मी बरीच वर्षं इंडियानात राहते, माझा मुलगा इथल्याच हायस्कूलमधून पुढे डिव्हिजन थ्री कॉलेजात (कॉलेज खेळाच्या तीन पातळ्यांतली सगळ्यात खालची) गार्ड म्हणून खेळतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

मुद्द्याचं आधी सांगते. त्याला कॉलेजात खेळायला मिळू शकतं, चांगलं मिळू शकतं. पण डी-वन, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनची, स्कॉलरशिप गृहीत धरून कॉलेजच्या खर्चाचा हिशेब अजिबात मांडू नका. अमेरिकेत हायस्कूल बास्केटबॉल खेळणारी मुलं सुमारे ५ लाख ४० हजार. त्यातली साधारण साडेतीन टक्के एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेच्या कुठल्या तरी पातळीवर पोहोचतात, डिव्हिजन वनला एक टक्का. तिथेही हायस्कूलमधून थेट येणाऱ्या गार्डसाठी गेल्या काही वर्षांत दार आणखी अरुंद झालंय, आणि ते का झालं हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

पूर्वी कॉलेजचा कोच सतरा-अठरा वर्षांचा मुलगा घ्यायचा, दोन वर्षं घडवायचा आणि तिसऱ्या वर्षी मैदानात उतरवायचा. २०१८ साली ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं. २०२१ पासून एकदा कॉलेज बदललं तरी लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा बदलता येतं. आता सीझन संपला की पोर्टलमध्ये शेकडो खेळाडू उतरतात. कोचला पॉइंट गार्ड हवा असेल तर समोर दोन मुलं असतात: एक तुमच्या मुलासारखा, बारावीतला, दुसरा बावीस वर्षांचा, तीन सीझन कॉलेज खेळलेला, अंगानं भरलेला, दबावाखाली चेंडू न गमावणारा. कोचची नोकरी येत्या सीझनच्या निकालावर असते. तो दुसऱ्याला घेतो. गार्डच्या जागेवर हे सगळ्यात जास्त जाणवतं, कारण संघ चालवायचा म्हणजे अनुभव लागतो. सात फुटी मुलगा कच्चा असला तरी कोच वाट पाहतात, कारण उंची शिकवून येत नाही. भारतातून डी-वनला पोहोचलेले खेळाडू पाहा: मॉनमथ विद्यापीठात गेलेला अमान संधू, सॅन दिएगो विद्यापीठाची हरसिमरन कौर. दोघंही उंच, बास्केटखाली खेळणारे. तुमच्या मुलाच्या उंचीची मुलं इंडियानात प्रत्येक शाळेत चार-पाच सापडतात.

दुसरा बदल २०२५ चा. जूनमध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या 'हाउस' नावाच्या खटल्यातल्या तडजोडीला मान्यता दिली आणि कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची परवानगी मिळाली. पहिल्या वर्षी एका कॉलेजासाठी मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, सगळ्या खेळांना मिळून. त्याबरोबर ही व्यवस्था स्वीकारणाऱ्या कॉलेजांत बास्केटबॉलचा संघ जास्तीत जास्त १५ जणांचा झाला. पूर्वी पुरुषांच्या संघात १३ स्कॉलरशिप असायच्या आणि वर काही मुलं स्वतःच्या खर्चानं, म्हणजे वॉक-ऑन म्हणून असायची. मेहनती, अभ्यासू गार्डला मोठ्या कॉलेजात शिरायची ती एक वाट होती. आता तीही आक्रसली आहे.

म्हणून खालच्या पातळ्यांकडे वळा, आणि त्यांना कमी लेखू नका. डिव्हिजन टूमध्ये पुरुष बास्केटबॉलला दहा स्कॉलरशिपइतका निधी असतो आणि कोच तो बऱ्याच मुलांत वाटतो; इंडियानापोलिस विद्यापीठ या गटात खेळतं. एनएआयए ही एनसीएएपेक्षा वेगळी संघटना. छोटी, बहुधा चर्चशी जोडलेली कॉलेजं, पण इंडियानात तिचा खेळ कमालीचा कडक आहे. मॅरियन गावातल्या इंडियाना वेस्लियननं २०१४, २०१६ आणि २०१८ साली आपल्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. इथे खेळाची स्कॉलरशिप मिळते आणि अभ्यासाची तिच्यावर जोडता येते. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांत व्हिन्सेन्स आहे, २०१९ चं राष्ट्रीय विजेतं. डी-वनचं स्वप्न सोडायचंच नसेल आणि मार्क बेताचे असतील, तर ती वाट खरी आहे. फक्त आता तिथेही गर्दी वाढली आहे, कारण वरून ढकलली गेलेली मुलं खाली येतात.

आणि डिव्हिजन थ्री. खेळासाठी एक पैसाही मिळत नाही, हे ऐकून आपले लोक तिथेच थांबतात. पण अभ्यासाच्या जोरावर मिळणारी मदत मोठी असू शकते, आणि कोचचा शब्द प्रवेशाच्या वेळी उपयोगी पडतो. टेरे हॉटचं रोझ-हलमन हे इंजिनिअरिंगचं उत्तम कॉलेज, क्रॉफर्ड्सविलचं वॉबॅश, ग्रीनकॅसलचं डिपॉ: तिन्ही डिव्हिजन थ्री. दहावीला गणितात उत्तम मार्क असलेला, चांगलं खेळणारा मुलगा अशा कोचला मनापासून हवा असतो. माझा मुलगा आठवड्यातले सहा दिवस सराव करतो, बसनं दोन-दोन राज्यं ओलांडून सामने खेळतो आणि सोमवारी लॅबमध्ये असतो. त्याला पहिल्या वर्षापासून खेळायला मिळालं. डी-वनच्या बाकावर टॉवेल घेऊन बसण्यापेक्षा मला हे शतपटीनं बरं वाटतं.

व्हिसाबद्दल कुणी नीट सांगत नाही, म्हणून हा भाग दोनदा वाचा. तुमचा मुलगा एल-२ वर, म्हणजे एल-१ वाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर असेल. एल-२ वर शिकता येतं, शाळेकडून खेळता येतं, स्कॉलरशिप घेता येते. पण मुलांना काम करायची परवानगी नाही. कॉलेजकडून थेट मिळणारे पैसे, जाहिरातीचे पैसे, नावावर मिळणारं मानधन हे कामात मोजलं जायचा धोका आहे. पर्ड्यूचा झॅक एडी २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. कॅनडाचा, स्टुडंट व्हिसावर. तरी त्याच्या अमेरिकी सहकाऱ्यांना सहज मिळणारे करार त्याला तसे घेता आले नाहीत. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही गत, तर आपण सावध राहायलाच हवं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एका टी-शर्टच्या जाहिरातीवरही सही करू देऊ नका.

शिवाय २१ वर्षं पूर्ण झाली की तो एल-२ मधून बाहेर पडेल. म्हणजे कॉलेजच्या मधेच त्याला एफ-१, म्हणजे स्टुडंट व्हिसा, घ्यावा लागेल. सरकारी आर्थिक मदत, ज्यासाठी फाफ्साचा फॉर्म भरतात, ती एल-२ वाल्यांना मिळत नाही. आणि सरकारी विद्यापीठात त्याला इंडियानाच्या रहिवाशाची फी लागेल की बाहेरच्याची, व्हिसा बदलल्यावर काय होईल, हे त्या त्या विद्यापीठाकडून लेखी घ्या. कोच तोंडी काहीही सांगतील, चांगल्या मनानं सांगतील, पण फी ठरवणारं ऑफिस वेगळं असतं.

एक वर्ष खाली घालायचा विचार सोडून द्या. इथे काही पालक खेळासाठी मुद्दाम तसं करतात आणि मुलगा वर्षानं मोठा, दांडगा होऊन खेळतो. पण एनसीएए डिव्हिजन वनसाठी घड्याळ नववीच्या पहिल्या दिवशी सुरू होतं, मग ती नववी पुण्यात झालेली असली तरी. चार वर्षांत, म्हणजे आठ सेमिस्टरमध्ये १६ ठरावीक विषय पूर्ण व्हावे लागतात: इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, सामाजिक शास्त्रं दोन, बाकीचे यातलेच किंवा परकीय भाषेसारखे. त्यातले दहा बारावी सुरू व्हायच्या आत, आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानातले. त्या विषयांचा जीपीए, म्हणजे चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी, किमान २.३ लागतो. हायस्कूल खेळालाही नववीपासून आठ सेमिस्टरचीच मर्यादा आहे. म्हणजे मागे घातलेलं वर्ष शेवटी खेळायलाच मिळणार नाही. ऑगस्टमध्ये त्याला सरळ अकरावीत घाला. शाळेचा काउन्सेलर वेळापत्रक करताना, 'हे विषय एनसीएएच्या मंजूर यादीत आहेत का' हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेची सक्ती एनसीएएनं २०२३ मध्ये काढली, पण चांगल्या कॉलेजच्या अभ्यासाच्या स्कॉलरशिपसाठी ती परीक्षा द्याच.

आता घर. आपले मराठी लोक कार्मेल आणि फिशर्सकडे जातात, शाळा उत्तम आहेत, महाराष्ट्र मंडळाची माणसं जवळ मिळतात. पण कार्मेल हायस्कूलमध्ये पाच हजारांहून जास्त मुलं आहेत आणि फिशर्सनं २०२४ मध्ये सगळ्यात मोठ्या गटाचं राज्य विजेतेपद जिंकलंय. तिथल्या संघातली मुलं तिसरी-चौथीपासून एकत्र खेळतात. अकरावीत नव्यानं आलेल्या गार्डला तिथे मुख्य संघात प्रत्यक्ष खेळायला मिनिटं मिळणं फार कठीण. कॉलेज कोच तर मिनिटं पाहतात. मी तुमच्या जागी असते तर मध्यम आकाराची, अभ्यासात चांगली शाळा निवडली असती, जिथला गार्ड यंदा बारावी होऊन बाहेर पडतोय. शाळांच्या साइटवर मागच्या सीझनचे संघ दिसतात, त्यावरून हे अर्ध्या तासात कळतं. भाडेकरार करण्याआधी अॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे शाळेचे खेळ सांभाळणाऱ्या माणसाला, ईमेल करा. आई-वडिलांसोबत खरोखर राहायला आलेल्या मुलाला हायस्कूल खेळांच्या राज्य संघटनेकडून पूर्ण पात्रता मिळते, पण शाळा बदलाची कागदपत्रं वेळेत व्हायला हवीत.

खेळाबद्दल त्याला दोन गोष्टी आत्ताच सांगा. पुण्यात तो ६.७५ मीटरच्या तीन गुणांच्या रेषेवर खेळलाय. इथे हायस्कूलची रेषा १९ फूट ९ इंचांवर, म्हणजे बरीच जवळ. त्यानं जवळ सरकू नये. कॉलेजची रेषाही ६.७५ चीच आहे आणि पाहायला आलेला कोच पाय कुठे आहेत ते बघतो. दुसरं, आपल्याकडे गार्ड चेंडू हातात ठेवून नाचवतो आणि टाळ्या मिळवतो. इथे पाहतात ते वेगळं: बचावात समोरच्या गार्डला पूर्ण कोर्टभर छळतो का, पिक अँड रोलमध्ये (सहकारी बचावपटूला अडवून वाट करून देतो तेव्हा) दुसरा बचावपटू अंगावर आला तर पास वेळेत सुटतो का, चेंडू गमावल्यावर मान खाली घालतो की उलट धावतो. बाकावर बसल्यावर कसा वागतो हेही पाहतात. सामन्यांच्या वेळी मी स्कोअरच्या टेबलावर मदत करायचे. कॉलेजचे कोच खेळाआधीच्या सरावातच वहीत लिहू लागायचे, हे मी जवळून पाहिलंय.

हायस्कूलचा सीझन नोव्हेंबर ते मार्च. खरी पाहणी मात्र सीझन संपल्यावर, विशेषतः जुलैत, ट्रॅव्हल टीमच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब संघांच्या, स्पर्धांत होते. नाइकी, आदिदास, अंडर आर्मर यांच्या सर्किटचे, म्हणजे स्पर्धामालिकांतले, संघ सर्वात वरचे, तिथे लगेच जागा मिळणार नाही. त्याखालचे पुष्कळ संघ पैसे घेऊन मुलांना घेतात आणि प्रवास, हॉटेल धरून खर्च हजारो डॉलरवर जातो. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न: गेल्या दोन वर्षांत तुमची कुठली मुलं कुठल्या कॉलेजात गेली? नावं सांगता आली नाहीत तर पुढे जा. 'तुमच्या मुलाचा प्रोफाइल आम्ही शेकडो कॉलेजांना पाठवू' म्हणणाऱ्या कंपन्यांनाही पैसे देऊ नका. ते काम मुलगा स्वतः करू शकतो आणि कोचना मुलाचा ईमेल आवडतो, आईचा नाही. कॉलेजच्या 'एलिट कॅम्प'ची निमंत्रणं घाऊक जातात. तिथल्या कोचनं फोन करून नाव घेऊन बोलावलं असेल तरच फी भरा.

डी-वनचे कोच दहावी संपल्यावर १५ जूनपासून मुलांशी थेट बोलू शकतात, म्हणजे त्याच्यासाठी ती तारीख यंदाचीच. म्हणून पुण्यातून निघण्याआधी तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ तयार ठेवा: आधी बचाव आणि पास, मग शॉट. संगीत नको. सोबत एक अख्खा सामना, न कापलेला, तोही तगड्या संघाविरुद्धचा. तो सामना हरलेला असला तरी चालेल. ईमेलमध्ये हायस्कूल संपण्याचं वर्ष, उंची, वजन, मार्क, व्हिसा आणि कोचचा फोन. व्हिसा लपवू नका, कोच नंतर कळल्यावर चिडतात.

सामानात नववी आणि दहावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाची नोंद आणि मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर घ्या. राज्य संघाची प्रमाणपत्रंही घ्या. त्यानं खुल्या स्पर्धांत कधी रोख बक्षीस घेतलं असेल, तर स्पर्धा, तारीख, रक्कम आणि ती कुणी वाटून घेतली हे संघाच्या मॅनेजरकडून लिहून आणा. एनसीएएच्या पात्रता केंद्राच्या फॉर्मवर तो प्रश्न येतो आणि तिथे खरं उत्तर द्यावं लागतं. इंडियानात शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरतात, त्यामुळे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचता आलं तर पाहा. डॉक्टरांच्या तपासणीचा खेळाचा फॉर्म भरून झाल्याशिवाय सरावाला उभं करत नाहीत आणि त्या दिवसांत अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही. शाळा पक्की झाली की कळवा, तिथल्या संघात यंदा कोण गार्ड उरलेत ते मी इथून बघून सांगते.