खड्डे खणण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. आजोबांची चार एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, तुझ्या नावावर झाली आणि तिथे आंबा-काजूच्या जोडीला आपली रानातली झाडं वाढवायची तुझ्या मनात आहे, हे वाचून फार आनंद झाला. फक्त खड्ड्यांसाठी जेसीबी सांगितला नसशील तर अजून सांगू नकोस.

सात-बारावर पडीक लिहिलं असलं तरी ती जमीन मोकळी नाही. एकदा गवतात वाकून हिंड. जळाऊ लाकडासाठी ठेकेदाराला रान तोडायला दिलं होतं, त्यातले ऐन, किंजळ, जांभूळ, खैर यांचे खुंट अजून जिवंत आहेत. त्यांची मुळं जांभ्याच्या भेगांतून कधीच खाली गेली आहेत. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण जांभा पाणी धरत नाही. फेब्रुवारी उजाडला की वरची माती करपते आणि पिशवीतलं रोप तिथेच मरतं. खुंटावरचा फुटवा मरत नाही, कारण त्याच्याखाली आयती मुळं आहेत. एका खुंटाला दहा-पंधरा फुटवे येतात. त्यातले जमिनीलगत फुटलेले, सरळ, जोमदार असे दोन-तीन ठेव आणि बाकीचे पहिला पावसाळा संपला की धारदार कोयत्याने तिरके छाट, म्हणजे कापावर पाणी साचत नाही. चार एकरांतलं निम्मं रान तुला असं फुकट मिळेल. ते राखायचं, आणि जिथे खरंच काही नाही तिथेच लावायचं.

राखणं म्हणजे मुख्यतः वणव्यापासून राखणं. शिमग्याच्या आत हद्दीवरचं गवत कापून दहा-बारा फुटांचा पट्टा साफ कर. हे एक काम चुकलं तर बाकीचं सगळं वाया. ऐन-किंजळीचे टाहाळ, म्हणजे पानांच्या फांद्या, राबासाठी (भाताची रोपं टाकण्याआधी वाफ्यावर जाळायला) न्यायला कोणी येईलच. त्यांना नाही म्हणू नकोस, ते त्यांच्या भाताचं साधन आहे. पण शेंडा राखून खालच्या फांद्या घ्या, एवढं सांग. माणसं ऐकतात. गुरांसाठी पहिली तीन वर्षं काटेरी कुंपण मात्र हवंच.

आता लावायचं काय? माझं ऐकशील तर आधी रातांबा, म्हणजे कोकम. सावली सोसतो, उतारावर धरतो, आमसूल, फळांच्या रसाचं आगळ, बियांच्या तेलाचं मुठेल, सगळं घरात लागतं आणि विकतंही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी गावात घर बांधायला, रस्ता रुंद करायला पहिली कुऱ्हाड पडते ती जुन्या रातांब्यावरच, आणि मला खरी काळजी आहे ती याची. आपल्याकडचे रातांबे बहुतेक बियांपासून उगवलेले, म्हणून प्रत्येक झाड निराळं. एकाचं फळ लिंबाएवढं, दुसऱ्याचं सुपारीहून थोडं मोठं. कुणाची साल जाड, कुणाचा रंग काळपट लाल. एक एप्रिलमध्ये पिकतं तर दुसरं जून लागला तरी हिरवंच. मेच्या अखेरीस वळवाने झोडपलं की आमसुलं वाळत नाहीत, बुरशी धरते. तेव्हा लवकर पिकणारं एखादं झाड म्हणजे मोठं धन. ते तुटलं की नुसतं झाड जात नाही, तो वाणच जातो.

रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. थंडीत फूल आलं की हातात घेऊन बघ. मधोमध पिवळसर केसरांचा दाट गुच्छ असेल तर नर; बारीक हिरवी गोळी असेल तर मादी, त्या गोळीचंच पुढे फळ होतं. नर निघाला म्हणून उपटू नकोस. दहा माद्यांमागे एक नर परागासाठी लागतो. उरलेल्यांवर मादी झाडाची काडी बांधता येते.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या जाती दिल्या आहेत. त्यांची थोडी कलमं जरूर घे, लवकर उत्पन्न मिळेल. सगळं रान मात्र एका-दोन झाडांच्या कलमांनी भरू नकोस. तुझ्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या चांगल्या मादी झाडांच्या काड्या आण, मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या रोपावर काडी बांधायची पद्धत, शिकून घे. काडी उभ्या शेंड्याची घे. आडव्या फांदीची बांधलीस तर कलम आडवंच पसरत राहतं, उंच होत नाही.

ज्यावर काडी बांधायची त्या खुंटरोपासाठी बी ताजंच हवं. रातांबा, जांभूळ, फणस, या तिघांचंही बी वाळलं की मेलं. टपालाने आलेल्या बियांवर पैसे घालवू नकोस. रातांब्याचं बी राखेत चोळून धू, एक दिवस सावलीत पसर आणि लगेच पेर. जांभळाच्या एका बीतून कधी दोन-तीन कोंब येतात, त्यातला जोमदार ठेव.

हिरड्याची गोष्ट उलटी. त्याची आठळी दगडासारखी. गर कुजवून काढ, जाड टोक आतल्या कोंबाला धक्का न लावता कातर आणि दीड दिवस पाण्यात ठेव. तरीही थोडीच उगवतील. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात बाळहिरडा कोवळाच उतरवतात, तो आदिवासी कुटुंबांचा हक्काचा पैसा आहे. पण प्रत्येक झाडावर काही फळं पिकायला सोडली नाहीत तर नवा हिरडा येणार कुठून? हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ तोडायला १९६४च्या कायद्याने परवानगी लागते. उगवून आणायचं काम मात्र कोणताही कायदा करत नाही.

जीवामृताचं, त्या शेण-गोमूत्राच्या खताचं, तू विचारलंस. भाजीला, कलमांना दे. रानातल्या झाडांना त्याची गरज नाही. रोपांच्या पिशव्या भरताना त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची ओंजळभर माती मिसळ. मुळांशी राहणारी बुरशी त्यात असते आणि रोपं लवकर सावरतात. लावल्यावर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन कर, खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी चढते.

कड्याच्या बाजूला नरक्या हे औषधी झाड सापडलं तर त्याचा फोटो कुठेही टाकू नकोस. त्याच्यातलं कॅम्प्टोथेसिन कर्करोगाच्या औषधांसाठी लागतं आणि त्यापायी सह्याद्रीत नरक्या मुळासकट उपटून नेला गेला. बी धरलं तर त्याच सावलीत पसर.

तर या वर्षीचं काम एवढंच: एप्रिल-मेमध्ये वाड्यावाड्यांतून फिरून लवकर पिकणाऱ्या रातांब्यांना गेरूचा पट्टा मार. कुणाच्या परड्यातलं, कधी पिकलं, साल केवढी, हे वहीत लिही. मालकाला आधी विचार. आपल्या झाडाची काडी कुणी मागतंय हे कळलं तर तोडायला देताना तो थांबेल. आणि पिशव्या उंच घे, एप्रिलअखेर भरून तयार ठेव. बी आलं की त्याला थांबायला वेळ नसतो.

तुझा,
काका