मांजरीलाही ‘बाबा’ म्हणते!

प्रश्न : ताई, मुलगी १४ महिन्यांची आहे. नवरा अंबड एमआयडीसीत कंत्राटावर. मार्चनंतर काम राहील का, कुणी सांगत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाचं बाळ श्लोक म्हणतं, कुणाचं रंग ओळखतं. आमची मांजरीलाही ‘बाबा’ म्हणते. हसू की रडू?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी मांजरीला माझा नमस्कार सांग. या वयात एकच शब्द सगळ्यांना लावणं नेहमीचंच. श्लोकवाल्या बाळांचं म्हणशील, तर ते मोबाइलवरून पाठ होत असावेत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच सांगितलंय, एक वर्षाच्या बाळाला स्क्रीन नकोच.

पैशांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. दोघं बसा; हप्ते, किराणा, विमा कागदावर मांडा. आणि त्यालाही एखादा मित्र लागतो गं, पुरुष टपरीवर क्रिकेटशिवाय काही बोलत नाहीत.

तुला हवी ती पसारा बघून न दचकणारी मैत्रीण. माझी पंचवटीत राहते. मुलं लहान असताना आठवड्यातली सगळ्यात मोठी फजिती जिची, तिला दुसरीनं मिसळ खिलवायची, असा आमचा करार. तिच्या लेकानं देवघरातली घंटा तूरडाळीच्या डब्यात पुरली, तेव्हा मी निमूट पैसे काढले. पापडासकट.

झोप उडाली, जेवण जाईना, दोन आठवडे असंच चाललं, तर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन कर. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ग्रुप सोडू नकोस, म्यूट कर. प्लंबरचा नंबर तिथेच मिळतो.