घरच्या वर्कशॉपमधल्या डस्ट कलेक्टरची (लाकडाचा भुसा ओढून घेणाऱ्या मशीनची) ओढ कमी झाली आहे. फिल्टर धुतला तर चालेल का?

कागदी घड्यांचा कार्ट्रिज (नळकांड्यासारखा फिल्टर) असेल तर अजिबात धुऊ नका. कागद भिजून कामातून जातो आणि ओला भुसा घड्यांत चिकटून बसतो. पॉलिएस्टरचे काही कार्ट्रिज धुता येतात, पण माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलं असेल तरच.

त्याआधी भुसा साठणारी खालची पिशवी बघा. बऱ्याचदा दोष फिल्टरचा नसतोच. पिशवी गच्च भरली की भुसा वर फिल्टरकडे उडतो. पाइपात एखादी ढलपी अडकली आहे का, तेही पाहा.

आता फिल्टर. मशीन बंद करून प्लग काढा. कार्ट्रिजला फिरवायची दांडी असेल तर दोन्हीकडे सावकाश फिरवा आणि धूळ खाली बसू द्या. तरी ओढ सुधारली नाही तर कार्ट्रिज काढून अंगणात न्या. धूळ आतल्या बाजूला साचते, म्हणून कॉम्प्रेसरची हवा बाहेरून आत मारायची, तीही कमी दाबाने आणि नोझल वीतभर लांब धरून. जमिनीवर आपटू नका, घड्या फाटतात. मग आत टॉर्च लावून अंधारात बघा: उजेडाचा स्पष्ट ठिपका दिसला तर तिथे भोक पडलंय, फिल्टर बदला.

हे सगळं एन-95 मास्क लावूनच. लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे, तेव्हा नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

कार्ट्रिजऐवजी फिल्टरची कापडी पिशवी असेल तर ती मात्र नुसती झटका. नव्यासारखी लख्ख करायचा हट्ट नको. कापडावर बसलेला पातळ थरच बारीक धूळ अडवतो.

एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) जास्त कापत असाल तर फिल्टर लवकर तुंबणारच. मशीनच्या आधी सायक्लोन सेपरेटर (हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारं साधन) बसवलात तर बराचसा भुसा त्याच्या ड्रममध्येच पडेल.